सुट्टी लागण्याआधी फायरवॉलचे नियम वाचून घ्या

पतसंस्थांचे संचालक, साखर कारखान्यांचे कार्यकारी संचालक, रुग्णालयं चालवणारे डॉक्टर, शाळा-महाविद्यालयांचे प्राचार्य, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, एमआयडीसीतले उद्योजक आणि चार संगणकांवर ऑफिस चालवणारे सीए, वकील, आडते या सगळ्यांना हे आवाहन आहे. तुमच्याकडे संगणक सांभाळणाऱ्या माणसासाठी मी हे लिहीत नाही. त्याला यातलं बरंचसं ठाऊक असतं. त्याला जे जमत नाही ते तुमच्या हातात आहे, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे.

वसुबारसेपासून ऑफिसं रिकामी व्हायला लागतील आणि भाऊबीज उलटल्यावरच पुन्हा भरतील. त्याआधी एक तास काढा. फायरवॉल बघणारा माणूस पगारी असो की बाहेरच्या एजन्सीचा, त्याला समोर बसवा. फायरवॉलमधल्या नियमांची यादी कागदावर छापून आणायला सांगा. मग एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावा आणि तिचा अर्थ साध्या मराठीत विचारा. जिचा अर्थ सांगता येत नाही, किंवा जी कुणासाठी लिहिली होती हे कुणालाच आठवत नाही, ती ओळ सुट्टीआधी बंद करा. मागणं एवढंच आहे.

सुट्टीचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. २०१६च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला, तो गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी होती. ढाक्यातले लोक कामावर येईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार लागला होता आणि सोमवारी चिनी नववर्षामुळे मनिलाच्या बँका बंद होत्या. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तिच्या खात्यातून जवळजवळ एक अब्ज डॉलर उचलण्याचे आदेश स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीवरून, सुटले होते. त्यातले बहुतेक अडले. तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले आणि तिथल्या कॅसिनोंमध्ये जिरले. पुढे बांगलादेशच्या पोलिस तपास अधिकाऱ्यांनी रॉयटर्सला सांगितलं की बँकेच्या त्या नेटवर्कला फायरवॉलच नव्हता आणि संगणक एकमेकांना जोडायला दहा-दहा डॉलरचे जुने, वापरलेले स्विच लावले होते. एका देशाच्या तिजोरीची ही राखण होती!

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँका बंद. त्या दिवशी कॉसमॉस बँकेच्या खातेदारांच्या कार्डांच्या नकला करून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. काही रक्कम कोल्हापुरातल्या एटीएममधूनही गेली. एटीएम आणि बँकेची मुख्य प्रणाली यांच्या मधला दुवा चोरांनी ताब्यात घेतला होता. पैसे द्यायचे का, हा प्रश्न खऱ्या प्रणालीपर्यंत जाण्याऐवजी चोरांनी उभ्या केलेल्या बनावट यंत्रणेकडे जात होता आणि ती प्रत्येक वेळी होकार देत होती. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टवरून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. १९०६ साली स्थापन झालेली बँक होती ती, गल्लीतली पतसंस्था नव्हे.

आता फायरवॉलच्या डब्याकडे येऊ. डबाच म्हणतो, कारण बहुतेक ठिकाणी तो रॅकमध्ये किंवा कपाटावर ठेवलेला, हिरवे दिवे लुकलुकणारा डबा असतो आणि त्याच्याबद्दल मालकाला दोनच गोष्टी माहीत असतात. तो केवढ्याला घेतला आणि कुणी बसवून दिला. दिवे लुकलुकतात म्हणजे राखण चालू आहे, असं समजून सगळे निर्धास्त असतात. पण हा डबा स्वतःच्या अकलेने फार काही करत नाही. त्याच्यापुढे येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: कुठून आला, कुठे जायचंय आणि कोणत्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे एका संगणकावरच्या वेगवेगळ्या सेवांचे क्रमांक, शून्यापासून ६५,५३५ पर्यंत. वेबसाइटला ४४३, फाइल शेअरिंगला ४४५, दूर बसून विंडोजचा पडदा चालवायला ३३८९. डबा हे तीन तपशील आपल्याजवळच्या यादीशी वरून खाली ताडून बघतो. जी ओळ पहिल्यांदा जुळेल ती लागू होते आणि तिच्याखालचं तो वाचतही नाही. काहीच जुळलं नाही तर शेवटी न लिहिलेली एक ओळ असते, ती म्हणते की अडवा. तिला ‘डिफॉल्ट डिनाय’ म्हणतात आणि सगळ्या राखणीचा पाया ती एकटी ओळ आहे.

चांगला फायरवॉल चालू असलेला संवादही लक्षात ठेवतो. आतल्या संगणकाने बाहेर काही मागितलं तर त्याचं उत्तर आत येऊ देतो, आगंतुकाला मात्र अडवतो. १९९४ साली चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने ही पद्धत ‘स्टेटफुल इन्स्पेक्शन’ या नावाने बाजारात आणली आणि आज घरातल्या साध्या राउटरमध्येही ती असते. म्हणजे यंत्र कधीच मागे नव्हतं. ढिलाई यादीत शिरते.

एक ओळ वाचून दाखवतो. ‘सोर्स एनी, डेस्टिनेशन १९२.१६८.१.१०, सर्व्हिस ३३८९, ॲक्शन अलाउ.’ ऐकायला शास्त्रीय वाटते आणि संचालक मंडळाच्या बैठकीत कुणी ती वाचली तर सगळे मान डोलावतील. तिचा मराठी अर्थ असा: पृथ्वीवरच्या कुठल्याही संगणकाला आमच्या हिशेबाच्या सर्व्हरचा लॉगिनचा पडदा उघडता येतो आणि पासवर्ड जुळेपर्यंत हवे तेवढे प्रयत्न करता येतात. हा अर्थ कळल्यावर मान डोलावणारा संचालक मला अजून भेटायचा आहे.

ही ओळ आली कुठून? हॅकरने लिहिली नाही. शेठना घरून टॅली बघायची होती. किंवा सीएसाहेबांना मार्चअखेरीला रात्री एन्ट्र्या तपासायच्या होत्या. किंवा सॉफ्टवेअरवाला म्हणाला, ‘मला रिमोट द्या, दोन मिनिटांत करून देतो.’ फोन आला, संगणक सांभाळणाऱ्या मुलाने पोर्ट उघडला, काम झालं आणि ओळ राहिली. नेहमी असंच होतं. जवळजवळ प्रत्येक उघड्या पोर्टामागे आपल्याच संस्थेतल्या कुणाचा तरी फोन असतो आणि फोन करणारा अधिकाराने मोठा असतो. पंधरा-वीस हजारांवर काम करणारा मुलगा अध्यक्षांना ‘नाही’ कसं म्हणणार? म्हणून हे आवाहन त्याला न करता तुम्हाला करतो आहे.

फायरवॉलची यादी अशी वाढत जाते, ज्यांची देणीघेणी कधीच मिटली तरी ज्यांच्यावर काट मारलेली नाही अशा नोंदींनी भरलेल्या जुन्या चोपडीसारखी. त्यात ‘टेंप’ नावाची ओळ तीन वर्षं जुनी सापडते. ‘टेस्टिंग’ नावाच्या दोन-तीन असतात. २०२०च्या टाळेबंदीत लोकांनी घरून काम करावं म्हणून घाईघाईत उघडलेल्या वाटा आजही कित्येक ठिकाणी तशाच आहेत. ज्यांच्यासाठी त्या उघडल्या त्यातले काही जण नोकरी सोडून गेले, त्यांची खाती मात्र चालू आहेत. सगळ्यात वाईट ओळ म्हणजे ‘एनी-एनी’. कुठूनही, कुठेही, काहीही, जाऊ दे. काहीतरी चालत नव्हतं, कारण सापडत नव्हतं, म्हणून कुणीतरी ती वर घातली आणि सगळं झटक्यात चालू झालं. साहजिकच होतं, कारण त्या क्षणापासून फायरवॉल ही फक्त विजेवर चालणारी वायर उरली. वरची रुंद ओळ खालच्या शंभर काटेकोर ओळींना निकामी करते, कारण डबा तिथपर्यंत पोचतच नाही. खालच्या ओळी छापील अहवालात फार छान दिसतात, लेखापरीक्षकही खूश होतो.

म्हणून वाचताना क्रमाकडे लक्ष ठेवा. शिवाय बहुतेक फायरवॉलमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती किती वेळा लागू झाली याचा आकडा असतो, त्याला ‘हिट काउंट’ म्हणतात. हा आकडा शून्य असलेल्या ओळी आधी नुसत्या बंद करा, लगेच पुसू नका. एखादी वर्षातून एकदाच लागणारी असू शकते, वार्षिक विवरण भरतानाची किंवा गळीत हंगामात वजनकाट्यासाठीची. वर्षभर कुणाची तक्रार आली नाही तर पुसा. ज्या राहतील त्या प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव आणि मुदतीची तारीख लिहा. ‘आयटी विभाग’ असं नको, नाव हवं. अध्यक्षांच्या फोनवरून उघडलेल्या वाटेपुढे अध्यक्षांचंच नाव लिहायचं आणि त्यांनी त्यावर सही करायची. सही करायची वेळ आली की निम्म्या वाटांची गरज आपोआप संपते, हा माझा अनुभव आहे.

बाहेरून आत येणाऱ्या वाटा आधी बघा, कारण आग तिथे लागते. ३३८९ जगासाठी उघडा असेल तर उद्याची वाट बघू नका, आज बंद करा. ४४५ चंही तेच. १२ मे २०१७ च्या शुक्रवारी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर जो धुमाकूळ घातला तो ४४५ वरून. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो विंडोजमधल्या ज्या दोषातून शिरला त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, जवळजवळ दोन महिने आधी. लावायचा राहिला होता. डेटाबेसचे १४३३ आणि ३३०६ हे पोर्ट, जुना टेलनेटचा २३, यांना इंटरनेटवर तोंड असण्याचं काहीही कारण नाही. घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ओळख पटवूनच आत घेणारी खासगी वाट, घ्या आणि त्यावर पासवर्डशिवाय दुसरी खूण, म्हणजे मोबाइलवर येणारा किंवा ॲपमध्ये दिसणारा क्रमांक, सक्तीची करा. त्रास होईल. होऊ द्या.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर हे प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण ते सगळीकडे आहे. मालकाला मोबाइलवर दुकान दिसावं म्हणून कॅमेरेवाला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून जातो, म्हणजे बाहेरून आलेली हाक थेट डीव्हीआरपर्यंत पोचवायची व्यवस्था. डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच. २०१६ साली मिराई नावाच्या कीटकाने नेमकं हेच हेरलं. त्याच्याकडे कारखान्यातल्या ठरावीक नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. तेवढ्या बळावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकी कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना यातलं काहीच कळलं नसणार. त्यांना आपलं दुकान मोबाइलवर व्यवस्थित दिसत होतं.

आतून बाहेर जाणाऱ्या वाटांकडे कुणी बघतच नाही. आपल्याकडच्या कितीतरी फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या सगळ्याला सरसकट परवानगी असते, आपलेच लोक आहेत, जाऊ देत, अशा भावनेने. पण आत शिरलेल्या व्हायरसला त्याच्या मालकाकडून हुकूम घ्यायचे असतात आणि चोरलेली माहिती पाठवायची असते, ती याच वाटेने. हिशेबाच्या सर्व्हरला बाहेर जायचंच कशाला? त्याला अपडेट घेण्यापुरती आणि बॅकअप पाठवण्यापुरती वाट द्या, बाकी बंद. रात्री अडीच वाजता तो सर्व्हर परदेशातल्या पत्त्याशी बोलायला निघाला आणि अडला, तर लॉगमध्ये नोंद उमटेल आणि घरात कुणीतरी शिरलंय हे तुम्हाला कळेल. वाट मोकळी असेल तर कळणारही नाही.

आता आतल्या भिंतींबद्दल बोलतो, आणि इथे जरा जास्त थांबतो, कारण पैसे खर्च करूनही संस्था मार खातात ते इथे. वेशीवर मोठा फायरवॉल आणि आत सगळं मोकळं मैदान, हा आपला सर्वसाधारण नमुना आहे. स्वागतकक्षातला संगणक, लॅबचं यंत्र, कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय, हिशेब आणि रुग्णांच्या नोंदी, सगळं एकाच नेटवर्कवर. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, बाह्यरुग्ण विभागातलं काम कित्येक दिवस कागदावर चाललं. देशातलं पहिल्या क्रमांकाचं सरकारी रुग्णालय ते. सरकारने राज्यसभेत कारण सांगितलं ते असं की नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते. याला ‘सेगमेंटेशन’ म्हणतात आणि हे करायला दर वेळी नवं यंत्र विकत घ्यावं लागत नाही. तुमच्याकडे असलेल्या स्विचमध्ये बहुधा व्हीलॅनची सोय आहेच. तिने एकाच वायरिंगवर वेगवेगळी नेटवर्कं पाडता येतात आणि त्यांच्यामधली ये-जा फायरवॉलमधून नेता येते. कॅमेरे एकीकडे, पाहुणे एकीकडे, हिशेब एकीकडे, यंत्रं एकीकडे. बाहेरच्यांना दिसायलाच हवा असा सर्व्हर, उदाहरणार्थ वेबसाइटचा, तो आणखी वेगळ्या पट्ट्यात. त्या पट्ट्याला ‘डीएमझेड’ हे नाव आहे. तो पट्टा पडला तरी आतल्या घरापर्यंत पोचायला चोराला आणखी एक दार फोडावं लागतं.

हे न करण्याची किंमत उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराने बघितली आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस सुटला. त्याचं मूळ युक्रेनमध्ये होतं, तिथल्या हिशेबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून तो पसरला. अधिकृत अपडेट असल्यामुळे वेशीवरच्या फायरवॉलने त्याला अडवायचं कारणच नव्हतं. एकदा आत आल्यावर तो सपाट नेटवर्कांतून वणव्यासारखा धावला. मेर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात भाजली आणि तिच्या समूहाकडे असलेलं या बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. जगभरचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोण कुठे शिरू शकतो याची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर, एकजात गेले होते. एकच वाचला, घानामधला. त्या वेळी तिथली वीज गेलेली होती! लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या घातल्या. मेर्स्कच्या अभियंत्यांना मात्र त्या दिवशी ते देवासारखं धावून आलं असेल. तुमच्या बॅकअपची एक प्रत अशीच नेटवर्कपासून तोडलेली, वायर काढून कपाटात ठेवलेली असू द्या. घानाची वीज दर वेळी सोयीच्या वेळी जाणार नाही.

फायरवॉल स्वतःही फुटतो, हे कुणी विक्रेता सांगत नाही. तोही एक संगणकच आहे आणि त्याच्यावरही पॅच लावावे लागतात. २०२१च्या सप्टेंबरमध्ये फोर्टिनेट कंपनीच्या सुमारे ८७,००० फायरवॉलांची व्हीपीएनची नावं आणि पासवर्ड चव्हाट्यावर आले. ज्या दोषातून ते चोरले गेले त्याचा पॅच कंपनीने मे २०१९ मध्येच दिला होता. काहींनी पॅच उशिरा लावला, काहींनी लावला पण पासवर्ड बदलले नाहीत. चोरलेला पासवर्ड पॅचनंतरही चालतोच. एप्रिल २०२४ मध्ये पालो आल्टोच्या फायरवॉलमध्ये सापडलेल्या एका दोषाला गांभीर्याच्या मोजमापात दहापैकी दहा गुण मिळाले. मोठ्या नावाचा डबा घेतला म्हणून झोप लागू देऊ नका. फर्मवेअर, म्हणजे डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर, कोणत्या तारखेचं आहे, ते विचारा. फायरवॉलची स्वतःची सेटिंगची पानं इंटरनेटवरून उघडतात का, हे मोबाइल डेटावरून तपासून दाखवायला सांगा. उघडत असतील तर ते आजच बंद. आणि लायसन्स कधी संपतंय? लायसन्स संपल्यावर नेट चालूच राहतं, दिवेही लुकलुकतात, फक्त नव्या हल्ल्यांची ओळख पटवणाऱ्या याद्या येणं थांबतं. नूतनीकरणाची फाइल खरेदी समितीपुढे पडून आहे, हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकतो. ती फाइल या आठवड्यात हलवा.

थोडक्यात आणखी एक. आपण यादी लिहितो ती बहुधा आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीसाठी. तुमच्या नेट कंपनीने आता नवं आयपीव्ही६सुद्धा दिलेलं असण्याची दाट शक्यता आहे आणि कित्येक फायरवॉलमध्ये त्याचे नियम वेगळे लिहावे लागतात. पुढचं दार बंद करून मागचं सताड उघडं राहिलेलं नाही ना, एवढं विचारून ठेवा.

पतसंस्थांच्या संचालकांना वेगळं सांगायला हवं. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ ला सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली, पुढे २०१९च्या अखेरीस ती आणखी कडक केली. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. तुम्हाला दरवाज्याबद्दल विचारायला तिकडून कुणी येणार नाही. विचारायचं तर संचालकांनीच. ठेवी शेतकऱ्यांच्या आणि शिक्षकांच्याच आहेत. ‘आमचं सगळं सॉफ्टवेअर कंपनीकडे असतं’ हे उत्तर पुरेसं समजू नका. ३१ जुलै २०२४ ला सी-एज या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीखोर व्हायरसचा, हल्ला झाल्यावर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं आणि तिच्या सेवेवर चालणाऱ्या जवळजवळ ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. त्या बँकांच्या स्वतःच्या नेटवर्कात काहीच बिघडलेलं नव्हतं. तुमच्या कंपनीला लेखी विचारा: तुमचे लोक आमच्या सर्व्हरवर कुठून, कोणत्या खात्याने आणि कोणत्या वेळी शिरतात? एकच पासवर्ड दहा इंजिनिअर वापरतात, असं उत्तर आलं तर तो बदलून घ्या आणि प्रत्येकाला वेगळं खातं द्या. सुट्टीच्या दिवसांत त्यांची वाट बंद ठेवा. लागली तर फोन करून उघडून घेतील.

लॉगचं सांगतो. फायरवॉल दिवसभर काय आलं, काय गेलं, काय अडलं याची नोंद ठेवतो, पण बहुतेक डब्यांत जागा थोडी असते आणि जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस देशातच जपून ठेवायचे आहेत, यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवलेली असली पाहिजेत आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आहे. हे निर्देश कंपन्यांना आणि सरकारी संस्थांनाही लागू आहेत. घड्याळांची अट वाचून पुष्कळ लोक हसतात. पण फायरवॉलचं घड्याळ सात मिनिटं मागे आणि सर्व्हरचं चार मिनिटं पुढे असेल तर चोर आधी कुठे शिरला हे कुणालाही सिद्ध करता येत नाही, ना पोलिसांना ना विमा कंपनीला. लॉग वेगळ्या संगणकावर पाठवा. चोर पहिल्यांदा स्वतःच्या पाऊलखुणा पुसतो.

घरी बसून हे वाचणाऱ्यांनाही थोडं काम आहे. राउटरच्या पाठीवर छापलेला ॲडमिनचा पासवर्ड बदला, ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि ‘यूपीएनपी’ हे दोन्ही बंद करा. यूपीएनपी म्हणजे घरातल्या कुठल्याही यंत्राने तुम्हाला न विचारता राउटरमध्ये पोर्ट उघडून घ्यायची मुभा. गावाकडे आई-बाबांना कॅमेरे बसवून दिले असतील, पुण्या-मुंबईतून किंवा परदेशातून ते मोबाइलवर बघत असाल, तर या दिवाळीत घरी गेल्यावर फराळानंतर तेवढं करून या.

आणि संगणक सांभाळणाऱ्या मुला-मुलींनो, तुमच्यासाठीही एकच. वरिष्ठांसमोर बसाल तेव्हा शब्दांच्या आड लपू नका. ‘सर, ते इनबाउंड नॅट पॉलिसीमध्ये आहे’ म्हटल्यावर साहेब गप्प बसतात आणि तुम्ही सुटता, पण ओळ तशीच राहते. ‘सर, या ओळीमुळे बाहेरचा कुणीही आपल्या पगारपत्रकापर्यंत येऊ शकतो’ असं सांगा. बदल करण्याआधी सेटिंगची प्रत काढून ठेवा आणि सगळं एकाच संध्याकाळी बदलू नका, नाहीतर धनत्रयोदशीला काउंटरवर रांग लागलेली असताना नेमकं काय बंद पडलं ते शोधत बसाल.

शेवटी, एवढं सगळं करूनही सुट्टीत काही झालं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. पडद्यावर खंडणीची मागणी दिसली किंवा फाइल उघडेनाशा झाल्या, तर त्या संगणकाची नेटवर्कची वायर काढा, वायफाय तोडा, पण शक्यतो तो बंद करू नका; त्याच्या स्मृतीत पुरावा असतो. घाबरून फॉरमॅट तर मुळीच मारू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक पहिल्या काही मिनिटांत लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधीच गोठवता येतात. हल्ल्याची माहिती सर्ट-इनला १८०० ११ ४९४९ या क्रमांकावर आणि जवळच्या सायबर पोलिस ठाण्यात द्या. सुट्टीत फोन उचलेल अशा तीन माणसांची नावं ठरवा, नेट कंपनीचा आणि सॉफ्टवेअर कंपनीचा तातडीचा क्रमांक त्यात घाला, आणि ही यादी रखवालदाराच्या टेबलाजवळच्या भिंतीवर कागदावर लावा. संगणकात ठेवलेली यादी त्या वेळी उघडणार नाही.